जून आला, चला भावाच्या घरात मदतीला

जून तोंडावर आला की तुमचे हात शिवशिवायला लागतात हे आम्हाला ठाऊक आहे. तुमचं पोरगं कधीच कॉलेजला गेलं, घरात कव्हर घालायला एक वही शिल्लक नाही, आणि तिकडं धाकट्या भावाचं एक पोरगं तिसरीत एक सहावीत, म्हणजे मदतीला केवढा वाव! शाळा भरणार 15 जूनच्या आसपास, तेव्हा तुम्ही मेच्या मध्यालाच जायला लागा, आणि वहिनी गच्चीवर सांडगे घालत असतील तीच वेळ गाठा. दोन्ही हात पिठात असले की माणूस उठून आत जाऊ शकत नाही.

पहिली मदत म्हणजे शाळा चुकली हे सांगणं. हे ॲडमिशनच्या आधी अजिबात बोलायचं नाही, फी भरून पावती कपाटात गेली की मग सुरू करायचं. पोरं मराठी माध्यमात असतील तर "सेमी तरी घ्यायचं हुतं", सेमीत असतील तर "आता सीबीएसईशिवाय काय खरं नाही", आणि सीबीएसईत असतील तर एकदम आवाज खाली आणून "मातृभाषेची गोडी वेगळीच ओ वहिनी". यात शाहू महाराजांना आणायला विसरू नका, कोल्हापुरात महाराजांचं नाव निघाल्यावर समोरचा उलट बोलत नाही. 1917 साली महाराजांनी संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, पोरगं शाळेत धाडलं नाही तर आईबापाला महिन्याला 1 रुपया दंड, हे सगळं महाराजांच्या पुतळ्याकडं, म्हणजे दसरा चौकाच्या दिशेला हात करून सांगायचं. फक्त भाऊ जर म्हणला की "दादा, तवा शाळेत घातलं नाही म्हणून दंड हुता, आता घातलं म्हणून भरतोय," तर तिथंच विषय तोडा आणि चप्पल शोधायला लागा, कारण त्याच्या पुढचं वाक्य "पंधरा दिवसासाठी जरा पैशाचं बघतोस का" हे असतंय.

मग खरेदी. शाळेची लिस्ट येते, लिस्टच्या खाली दुकानाचं नाव असतंय, ते नाव सक्तीचं नसतंय पण वर्गातल्या सगळ्यांना नेमकं तेच दुकान आपोआप आवडतंय. शाळेनं ठरावीक दुकानातूनच घ्या म्हणून सक्ती करायची नाही असा सरकारी नियम आहे, तो तुम्ही मोबाईलवर काढून ठेवा आणि वहिनी त्या दुकानाच्या रांगेत उभ्या असताना फोन करून मोठ्यानं वाचून दाखवा. मुख्याध्यापकांना वाचून दाखवायच्या फंदात पडू नका, तिथं वाचायचं म्हणजे आधी अर्ज लिहा, मग खाली सही करा, मग परत या, ही मदत नव्हे हा ताप आहे.

त्यापेक्षा रविवारी सगळ्यांना गाडीत घालून कोल्हापूरशेजारच्या गांधीनगरला, कापडाच्या बाजारात न्या. "होलसेलमध्ये निम्म्यात बसवतो, आपल्या ओळखीचा हाय." दिवसभर फिरायचं, दुकानात गादीवर बसून कापडाचे गठ्ठे उलगडायला लावायचे, चहा प्यायचा, आणि दुपारी तीनला कळतं की शाळेनं ह्या वर्षी चेक्सची रेघ बदललीय आणि ती रेघ त्या एका दुकानाशिवाय पृथ्वीवर कुठं विणत नाहीत. हरकत नाही, तुम्हाला दोन शर्टपीस आणि बेडशीटचा सेट स्वस्तात मिळाला ना. सोमवारी वहिनी जातीलच परत रांगेत. तेव्हा फोनवर एवढंच सांगायचं की माप दोन नंबर मोठं घ्या, वाढतं अंग आहे, बूट पण मोठेच घ्या, पुढं कापूस कोंबला की झालं. पोरगं पहिल्या पावसात बुटातून बाहेर आलं तर ते पोरगं धडपडं आहे.

वह्यांचं मात्र टेन्शन घ्यायचं नाही, वह्या आपल्याकडं उगवतात. हार-तुरे नको वह्या आणा असं एकदा नेत्यांनी जाहीर केलं की वाढदिवसाला ढीग लागतो, मग तालमीत नाहीतर मंडळाच्या मांडवात वाटप. (ही पद्धत खरं तर चांगली आहे, ज्याच्या घरात वही नाही त्याच्यापर्यंत पोचते तेव्हा लईच चांगली आहे.) पण तुमची ओळख आहे, तुम्ही दोन डझन आधीच बाजूला काढून ठेवायच्या. शाळेला पाहिजे असत्यात 200 पानी, ह्या असत्यात 100 पानी, शाळेला पाहिजे चौकटीची, ही असते एकरेघी, आणि मलपृष्ठावर हात जोडलेला फोटो, तो झाकायला दुप्पट खाकी कागद. असू दे. फोटो काढताना नेते, तुम्ही आणि वही तिन्ही नीट दिसायला पाहिजेत, पोरगं अर्धं कापलं गेलं तरी चालतंय.

दप्तर तुमच्याकडून गिफ्ट. आता 2020 च्या दप्तर धोरणात दप्तराचं वजन पोराच्या वजनाच्या 10 टक्क्यांपर्यंतच असावं असं आहे, म्हणजे तिसरीतलं 22 किलोचं पोरगं धरलं तर दप्तर 2 किलो 200 ग्रॅम. हा हिशोब वहिनींना कागदावर मांडून द्या, आणि मग स्वतः जाऊन महाद्वार रोडवरनं सगळ्यात जाड, सात कप्प्यांची, वर प्लॅस्टिकचा डायनासोर बसवलेली बॅग आणा. सोबत एक लिटरची स्टीलची बाटली, ती भरली की नुसत्या पाण्याचाच एक किलो झाला. उरलेल्यात पुस्तकं, वह्या, डबा, कंपास आणि रेनकोट कसा बसवायचा ते आईनं बघायचं, सगळं आपणच केलं तर त्यांनी काय करायचं.

शेजारच्या वाड्यातली पोरगी यंदा चौथीत गेली, तिची तिसरीची पुस्तकं एक पान न दुमडता जपून ठेवलेली आहेत हे तुम्हाला माहीत असलं तरी बोलायचं नाही. आपल्या घराण्यात जुनी पुस्तकं वापरत नाहीत. बालभारतीची पुस्तकं नेटवर पीडीएफमध्ये फुकट मिळतात, त्या सगळ्या विषयांच्या फायली एका झटक्यात फॅमिली ग्रुपवर टाका, चुकून सातवीच्या पण टाका, वहिनींचा फोन हँग झाला की समजायचं मदत पोचली.

आता खरं सांगायचं तर ह्या दिवसात त्या बाईला एकच माणूस पाहिजे असतो, जो संध्याकाळी दोन तास दोन्ही पोरांना घेऊन रंकाळा तलावावर जाईल, भेळ चारेल आणि साडेआठच्या आत परत आणेल. तेवढ्यात तिची कव्हरं घालून, नावाची लेबलं चिकटवून, गणवेशाची बटणं घट्ट करून होतात. पण ह्याला काय मदत म्हणायचं का? भेळ खायला घातली म्हणून कुणी स्टेटसला लाईक देतंय काय? तुम्ही आपलं खुर्चीवर बसून "कोपरा आत घ्या, टेप तिरकी लागली" एवढं बघा. आणि रात्री अकराला खाकी कागद संपला की "आधीच मोजून आणायचा ना" हे तुम्हीच म्हणायचं, भावाला म्हणू देऊ नका, तो बिचारा आयपीएल बघून दमलेला असतो.

सकाळचं उठणं हा तुमचा खास विषय. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी 9 च्या आधी भरवू नयेत असा 2024 साली निर्णय झाला, त्यामुळं धाकटा नऊला जाणार आणि सहावीतला सातला, म्हणजे वहिनींना दोन डबे दोन वेळेला आणि रिक्षावाले मामा दोनदा. ह्यावर "आम्ही पहाटे पाचला उठून पंचगंगेत पोहून शाळेत जायचो" हे सांगा. तुम्ही पोहायला जायचा ते शाळा बुडवून जायचा, पण आता साक्षीदार कोण आहे.

आणि शाळा सुरू झाली म्हणून मदत थांबवायची नाही, खरा सीझन जुलैत आहे. पंचगंगेवरचा राजाराम बंधारा पाण्याखाली गेला की ग्रुपवर दर तासाला पाणीपातळी टाकायला सुरुवात करा. इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43, हे कोल्हापुरातल्या पाळण्यातल्या पोराला पण पाठ आहे तरी टाका. 38 वर आलं की रात्री उशिरा कलेक्टरांच्या सहीचं शाळांना सुट्टीचं पत्र फॉरवर्ड करायचं. तारीख गेल्या वर्षीची आहे का ते बघत बसू नका, सही तर खरी आहे ना. दुसऱ्या दिवशी दोन्ही पोरं घरात, बाहेर लख्ख ऊन, आणि दुपारी शाळेचा मेसेज येतो की आज पहिली चाचणी झाली. तुम्ही तेवढं "फॉरवर्डेड ॲज रिसीव्हड" टाकून सध्याचे फूट-इंच कळवा. फेरचाचणीसाठी अर्ज लिहायला वहिनी जातीलच की शाळेत.