पैसे जागेचे घेता, मग डॉक्टर स्टॉलपर्यंत येऊ तरी द्या!

राज्यस्तरीय नेत्रतज्ज्ञ परिषदेत आम्ही औषध-उपकरण कंपन्या आयोजकांकडून घेतो तो तीन बाय तीन मीटरचा स्टॉल म्हणजे ऑक्टोनॉर्मच्या (जोडून उभ्या केलेल्या पॅनेलच्या) तीन भिंती, एक टेबल, दोन खुर्च्या, दोन-तीन स्पॉटलाइट, पाच अँपिअरचा एक प्लग आणि वर कंपनीचं नाव, तेही बरेचदा चुकलेल्या स्पेलिंगचं. एवढ्यासाठी लाखांत कोण मोजेल? पैसे मोजतात ते समोरून जाणाऱ्या डॉक्टरांसाठी. आणि नेमके तेच फिरकत नाहीत!

फिरकणार कसे? माहितीपत्रकात 'चहा ट्रेड हॉलमध्ये', म्हणजे स्टॉलच्या दालनात, असं छापायचं आणि आदल्या रात्री काउंटर सभागृहाच्या दाराशी हलवायचं. चहाची सुट्टी पंधरा मिनिटांची. त्यात आधीचं सत्र दहा मिनिटं घुसतं, कारण वक्त्याला थांबवायची चेअरपर्सनची छाती होत नाही. उरलेल्या पाच मिनिटांत माणसाने चहा घ्यायचा की फेको मशीन (मोतीबिंदू काढायचं यंत्र) बघायचं? उद्घाटन लांबलं की कात्री लागते ती ट्रेड हॉलच्या वेळेला. सत्कार मात्र एकही कमी होत नाही.

विजेचा तर संतापच येतो. पाच अँपिअर म्हणजे 230 व्होल्टला जेमतेम 1150 वॅट. शेजारच्याने टेबलटॉप ऑटोक्लेव्ह (उपकरणं निर्जंतुक करायचं यंत्र) लावला की दोघांत मिळून असलेला एमसीबी (जादा भार आला की वीज तोडणारा स्विच) पडतो आणि डेमोच्या ऐन मध्यात फेको बंद. पुन्हा चालू करा, ट्यूबिंगमध्ये पाणी भरून घ्या, हँडपीस ट्यून करा. तोवर हँडपीस हातात धरलेले सर निघून गेलेले असतात. जादा लोडचे किलोवॅटमागे पैसे आगाऊ घेता ना? मग स्टॉलगणिक वेगळा एमसीबी द्या. यूपीएस आम्ही आणतोच.

वर स्टॉलचं काम बघणाऱ्या ट्रेड कमिटीचे फोन: 'चार-पाच रूम्सचं बघा ना.' अहो सर, मार्च 2024 च्या यूसीपीएमपीनुसार (औषधांच्या विक्री-प्रचाराची सरकारी आचारसंहिता) औषध कंपनीला वक्ता नसलेल्या डॉक्टरच्या हॉटेलचा खर्च करता येत नाही. ब्रँड रिमाइंडरलाही (डॉक्टरांना द्यायच्या छोट्या वस्तूंना) नगामागे हजार रुपयांची मर्यादा आहे. नियम तुम्हालाही पाठ आहेत, मग आम्हाला कशाला अडकवता?

आणि बिल! दोन लाखांच्या पॅकेजवर 18 टक्के म्हणजे 36,000 जीएसटी घेता, पण बिलावर आमचा जीएसटी क्रमांक चुकवता किंवा रिटर्नच भरत नाही. आमच्या 2बीमध्ये (जीएसटी पोर्टलवरच्या आमच्या खरेदी-बिलांच्या विवरणात) नोंद दिसली नाही की भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट बुडालं. परिषद संपल्यावर खजिनदार फोन उचलत नाहीत.

स्टॉल घेणाऱ्यांनी आता तीन गोष्टी धरून बसायला हव्यात: चहाच्या आणि जेवणाच्या काउंटरची जागा नकाशावर खूण करून करारात घ्या, रोज सत्राविना निदान पाऊण तास ट्रेड हॉलसाठी लिहून घ्या, आणि पाव रक्कम परिषद संपून 2बीमध्ये बिल दिसेपर्यंत हातात ठेवा. कबूल नसेल, तर तो स्टॉल रिकामा राहू दे.