मंदीवर सगळे खापर फोडता येणार नाही

कॅलिफोर्नियातील क्रिस्टल कॅथीड्रल हे चर्च २००८च्या मंदीत देणग्या आटल्यामुळे दिवाळखोरीत गेले, हे लेखातील विधान मला अपुरे वाटते. देणग्या घटल्या हे खरेच. परंतु १९८०मध्ये काचेची ती अवाढव्य वास्तू उभी राहिल्यावर हात आखडता घेण्याऐवजी २००३मध्ये वास्तुविशारद रिचर्ड मायर यांच्याकडून आणखी एक खर्चिक इमारत बांधून घेण्यात आली आणि ऑक्टोबर २०१०मध्ये दिवाळखोरीचा अर्ज करताना गहाणकर्जच साडेतीन कोटी डॉलरांच्या आसपास होते. त्यातच संस्थापक रॉबर्ट शुलर यांच्या वारसदारांत फूट पडली आणि २००८मध्ये मुलाला चर्चच्या दूरचित्रवाणीवरील कार्यक्रमातून दूर करण्यात आले. देणगीदार प्रेक्षकांना हे रुचले असेल असे वाटत नाही.

धर्मादाय न्यासांचे हिशेब तपासताना मला वारंवार दिसते की इमारतीसाठी लोक हौसेने देतात, तिच्या विजेच्या बिलासाठी मात्र कोणी पावती फाडत नाही. शिवाय नाताळच्या देखाव्यासाठी जनावरे पुरवणाऱ्यांसह कितीतरी लहान पुरवठादारांची बिले थकली होती, त्यांचा लेखात साधा उल्लेखही नाही. ऑरेंजच्या कॅथलिक धर्मप्रांताला ५ कोटी ७५ लाख डॉलरना वास्तू विकण्यास न्यायालयाने २०११मध्ये मंजुरी दिली, तेव्हा कुठे या पुरवठादारांच्या पैशांचा मार्ग मोकळा झाला.