‘बिल वाढवण्यासाठी काम गुंतागुंतीचे केले’ या अभिप्रायास उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपला एक ताऱ्याचा अभिप्राय काल रात्री वाचला. कबूल केलेल्या सात दिवसांऐवजी अहवाल अकराव्या दिवशी मिळाला आणि मधल्या चार दिवसांत आमच्याकडून साधा फोनही आला नाही, ही आपली तक्रार खरी आहे. त्याबद्दल मनापासून क्षमा मागतो.

मात्र आपण पुढे लिहिले आहे की, कार्बामाझेपिन या अपस्मारावरील औषधाचे हे सिम्युलेशन (रक्तातील पातळी कशी बदलत जाईल याचा संगणकावरील हिशेब) एक्सेलमध्ये एका संध्याकाळी झाले असते, क्लिअरन्स (शरीर ठरावीक वेळात किती रक्त औषधापासून मोकळे करते तो वेग) काळानुसार बदलता धरण्याची काहीच गरज नव्हती आणि बिल वाढवण्यासाठी आम्ही काम मुद्दाम गुंतागुंतीचे केले. हे वाक्य फार जिव्हारी लागले. आपल्या रुग्णांची आकडेवारी येथे उघड करणार नाही. औषधाचे नाव आपणच लिहिले असल्यामुळे, या औषधाविषयी सर्वज्ञात असलेल्या गोष्टींपुरतेच बोलतो.

कार्बामाझेपिन ज्या एन्झाइममुळे (शरीरातील रासायनिक क्रिया घडवणाऱ्या प्रथिनामुळे) शरीरातून कमी होते, त्याच एन्झाइमचे यकृतातील प्रमाण ते स्वतः वाढवते. एकाच डोसनंतर त्याचे अर्धायुष्य (पातळी निम्मी होण्यास लागणारा वेळ) साधारण २५ ते ६५ तास असते. तीन ते पाच आठवडे नियमित गोळ्या घेतल्यावर तेच १२ ते १७ तासांवर येते. रुग्ण तोच, गोळी तीच, पण पहिल्या दिवशीचा क्लिअरन्स महिन्याभराने खरा राहत नाही. वितरणाचे आकारमान (औषध शरीरात जणू किती द्रवात पसरते ते मोजमाप) ७० लिटर, रोजचा डोस ४०० मिलिग्रॅम आणि औषध पूर्ण शोषले जाते असे धरू. अर्धायुष्य ३६ तासांवर कायम ठेवले तर क्लिअरन्स ताशी सुमारे १.३५ लिटर येतो आणि स्थिरावलेली सरासरी पातळी मिलिलिटरमागे १२ मायक्रोग्रॅमच्या थोडी वर जाते. अर्धायुष्य १५ तासांवर आले की क्लिअरन्स ताशी ३.२ लिटर होतो आणि पातळी ५ च्या आसपास राहते. उपचारासाठी सामान्यतः ४ ते १२ ही पातळी योग्य मानतात. म्हणजे स्थिर क्लिअरन्सचा आलेख पाहून कोणीही डोस कमी करू पाहील, आणि तो कमी करणे अपस्माराच्या रुग्णाला परवडणारे नाही.

आपण सुचवलेली पद्धत, म्हणजे पहिल्या डोसचा आलेख बारा-बारा तासांनी पुढे सरकवून सर्वांची बेरीज करणे, ही क्लिअरन्स स्थिर असलेल्या औषधासाठी उत्तम आहे आणि तेथे आम्हीही तीच वापरतो. येथे मात्र विसाव्या दिवशीच्या डोसचा आलेख पहिल्या डोससारखा उतरतच नाही. नेहमीच्या सूत्रात नुसता नवा क्लिअरन्स घालूनही भागत नाही, कारण तसे केले की तो क्लिअरन्स पहिल्या दिवसापासूनच लागू होता असा हिशेब होतो आणि आधीचे सगळे दिवस मागे जाऊन बदलतात. म्हणून शरीरात उरलेले औषध एका टप्प्यावरून पुढच्या टप्प्यावर नेत जावे लागते. आम्ही एन्झाइमची निर्मिती व ऱ्हास यांचे एक समीकरण आणि औषधाची समीकरणे एकत्र सोडवली. यापेक्षा सोपा मार्ग असता, तर तो सर्वांत आधी आम्हीच धरला असता.

उशिराबद्दलही एक गोष्ट नोंदवणे भाग आहे. पहिल्या फाइलमध्ये सर्व डोस सकाळी आठ व रात्री आठ असे होते. प्रत्यक्ष वेळा आणि फेनिटॉइन हे अपस्मारावरील दुसरे औषध सुरू केल्याची नोंद असलेली तिसरी फाइल सहाव्या दिवशी आली. फेनिटॉइनमुळेही कार्बामाझेपिनचा क्लिअरन्स वाढतो, त्यामुळे ती नोंद बाजूला ठेवता येत नव्हती. शिवाय नॉनमेम या अशा हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन नोंदींमधल्या काळासाठी पुढच्या नोंदीवरची किंमत धरली जाते. फेनिटॉइन सुरू झाले त्या क्षणाची वेगळी ओळ घातली नाही, तर ते प्रत्यक्षात सुरू होण्यापूर्वीच लागू झाल्यासारखे दिसते. प्रत्येक रुग्णासाठी या ओळी हाताने तपासण्यात ते चार दिवस गेले, आणि त्या तपासणीचा एक रुपयाही बिलात लावलेला नाही. बिल आपल्याकडे आहे, कृपया पाहावे.

आमचे कार्यालय दोन माणसांचे आहे आणि काम एकमेकांच्या शिफारशीवर मिळते. आपला अभिप्राय वाचून एका विद्यार्थिनीने ठरलेले काम थांबवले आहे, म्हणून इतके सविस्तर लिहावे लागले. कामाची व्याप्ती वाढली तर यापुढे वेळेत कळवण्याची व्यवस्था करत आहोत.

आपला एक्सेलचा आलेख आणि अहवालातील आमचा आलेख एकदा शेजारी ठेवून पाहावा. पहिले दोन-तीन दिवस दोन्ही रेषा जवळपास एकच आहेत आणि त्यानंतर त्या दूर जाऊ लागतात. उशिरासाठी दिलेला एक तारा तसाच राहू द्यावा, त्याबद्दल माझे म्हणणे नाही. बिलाविषयीच्या त्या वाक्याचा मात्र आपण पुन्हा विचार करावा, ही विनंती.

आपला विश्वासू,
संचालक