जास्वंदीवरचा मुक्काम

पळणाऱ्या शत्रूचा पाठलाग करता येतो आणि चावणाऱ्याच्या नावाने निदान ओरडता तरी येते. पण जो जागचा हलतच नाही त्याच्याशी लढावे कसे, हा पेच आमच्या गच्चीवरच्या जास्वंदीने मला घातला आहे. तिच्या फांद्यांवर तपकिरी, अर्धगोल उंचवट्यांच्या रूपाने खवले कीड मुक्कामाला आली आहे. अंड्यातून निघालेली, डोळ्यांना जेमतेम दिसणारी पिल्ले थोडे दिवस भटकतात, सोयीची जागा सापडताच सोंड खुपसतात आणि पुढे मादी बहुधा तिथेच रस पीत जन्म काढते. मे महिन्यात पारा 42 अंशांवर गेला की सोलापुरात चादर विणणारासुद्धा ती अंगावर घेत नाही. ही बाई मात्र मेणचट पाठीखाली निवांत असते आणि औषध त्या पाठीवरून निथळून जाते. म्हणून फवारणी पिल्लांच्या भटकंतीतच साधावी लागते.

“पाण्याचा जोरदार मारा करा,” असे एका हितचिंतकांनी सुचवले. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात असा सल्ला देणाऱ्याच्या अंगणात स्वतःची विहीर असली पाहिजे. मी एक लिटर पाण्यात 5 मिली कडुनिंबाचे तेल आणि थोडा सौम्य साबण घोटतो आणि ऊन उतरल्यावर फवारतो, कारण भर उन्हात फवारले तर पानेच भाजून निघतात. पानांची खालची बाजूही भिजवायची असल्याने मला कुंडीशेजारी उताणे पडावे लागते. “भावजी, चक्कर आली का?” असे पलीकडच्या गच्चीवरून वहिनींनी विचारले, तेव्हा तेलाचे थेंब डोळ्यांत गेल्यामुळे मला उत्तरही देता आले नाही.

खरा वैताग मुंग्यांचा आहे. किडीच्या अंगातून पाझरणाऱ्या गोड चिकट्यासाठी त्या तिची राखण करतात आणि किडी खायला आलेल्या ढालकिड्यांना हुसकावतात. 1888 मध्ये ऑस्ट्रेलियातून नेलेल्या ढालकिड्यांनी कॅलिफोर्नियातल्या संत्र्याच्या बागा अशाच एका खवले किडीपासून वाचवल्या; माझ्या गच्चीवर मात्र मुंग्यांच्या परवानगीशिवाय त्यांना प्रवेश नाही. बांगड्यांची लाख देणारा किडाही याच कुळातला, हे कळल्यावर सौभाग्यवतींनी जास्वंदीकडे काही काळ आशेने पाहिले.

मेलेली कीडही फांदीला चिकटूनच राहते, त्यामुळे नखाने दाबून खात्री करावी लागते: कोरडी फुटली तर मेली, ओली निघाली तर जिवंत. ही तपासणी करणाऱ्याने शेंगाचटणीच्या बरणीला हात लावायचा नाही, असा घरात हुकूम निघाला आहे.