सोमवारी मुंबई पाहू नये

वाद तिकिटावरून पेटला. नागपूरच्या लक्ष्मीभुवन चौकाजवळचा कट्टा, रविवारची सकाळ, तर्री-पोह्यांची पहिली फेरी संपलेली. बँकवाल्यानं मोबाइल पुढे केला. शनिवारी रात्रीची दुरांतो, रविवार-सोमवार मुंबई, सोमवारी रात्री परत. "काळा घोडा फेस्टिव्हल करून घेतो, सोबत दोन-चार म्युझियमं. एकच सुटी टाका लागते."

ड्रॉइंगच्या मास्तरांनी प्लेट खाली ठेवली. "सातातले हेच दोन दिवस भेटले का तुले? रविवारी कुलाब्या-फोर्टातल्या बहुतेक खासगी गॅलऱ्यांना कुलूप असते. सोमवारी नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्ट बंद. जहांगीर आर्ट गॅलरीत प्रदर्शनाचा आठवडा मंगळवारी सुरू होते अन् सोमवारी संपते, म्हणजे तू दुपारी पोचशील तेव्हा चित्रकार बबल रॅप गुंडाळून राहिले असतील. तू मुंबई नाही, मुंबईचं पॅकिंग पाहून येशील."

"शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय तर चालू असते ना?"

"ते चालू असते. पण रविवारी अख्ख्या मुंबईची लेकरं तिथंच असतात."

इथं आर्किटेक्ट ताई मध्ये पडली. तिचं म्हणणं, मुंबईतली कला पाहायची तर नकाशाच्या आधी वारांचा तक्ता करावा. सोमवारी नॅशनल गॅलरी नाही, बुधवारी भायखळ्याचं भाऊ दाजी लाड संग्रहालय नाही, रविवारी गॅलऱ्या नाहीत. एरवीच्या आठवड्यात बुधवारी रात्री नागपूर सोडायचं, गुरुवार-शुक्रवार-शनिवार पाहायचं, शनिवारी रात्री गाडीत बसायचं. तिन्ही दिवस सगळी दारं उघडी.

"अन् फेस्टिव्हलचा आठवडा असला तर?" बँकवाला अडून बसला.

तिथं हिशेब उलटतो. काळा घोडा कला महोत्सव 1999 पासून होतो. जानेवारीचा शेवट किंवा फेब्रुवारीची सुरुवात, शनिवार ते पुढच्या आठवड्याचा रविवार असे नऊ दिवस, प्रवेश फुकट. फुकट म्हणूनच दोन्ही शनिवार-रविवारी तिथल्या रॅम्पार्ट रो या रस्त्यावर संध्याकाळी पाय ठेवायला जागा नसते. मांडणशिल्पासमोर सेल्फीची रांग, अन् शिल्प दिसतं ते लोकांच्या कोपरांतून. म्हणून त्या आठवड्यात मंगळवार-बुधवार-गुरुवार धरायचे. मंगळवारी वस्तुसंग्रहालय आणि नॅशनल गॅलरी, बुधवारी भायखळा बंदच असतं तेव्हा महोत्सव, जहांगीर आणि गॅलऱ्या, गुरुवारी भायखळा, रात्री परत.

"म्हणजे सोमवारी रात्री निघायचं अन् तीन सुट्या टाकायच्या!"

"मग नको जाऊ. इथंच फुटाळा तलावावर बस," मास्तर म्हणाले.

रेल्वेवाले काका एवढंच बोलले की आगाऊ आरक्षण 60 दिवसांचं असतं. महोत्सवाच्या तारखा कळायची वाट पाहत बसलात तर वेटिंग लागतं. आधी अंदाजानं तिकीट काढावं, तारखा हुकल्या तर रद्द करावं. काकांनी तेवढं सांगून दुसरी प्लेट मागवली.

खरं भांडण पुढे झालं. बँकवाल्याचा सूर असा की शहर जत्रेत दिसतं, म्युझियमात दिसतं ते मेलेलं सामान. जिवंत माणसं, जिवंत भाव, कोण काय विकतो, कोण काय घेतो, ते पाहावं. वस्तुसंग्रहालयात मूर्ती पाहायच्या तर आपलं नागपूरचं म्युझियम, अजब बंगला, काय वाईट आहे?

मास्तरांनी हे धरून ठेवलं. "वाईट नाही, म्हणूनच आधी तिथं जा. सिव्हिल लाइन्सला, 1863 पासून उभं आहे. 1870 साली बालाघाटकडच्या गुंगेरियाला तांब्याची 424 हत्यारं अन् चांदीचे 102 पत्रे एकाच ठिकाणी सापडले होते. त्यातली काही हत्यारं इथं आहेत. एका कुऱ्हाडीसमोर घड्याळ लावून दहा मिनिटं उभा राहा. पहिल्या दोन मिनिटांत काहीच दिसत नाही. मग धार दिसते, मग धारेवरची जाड-पातळ, मग प्रश्न पडते का ही वापरली होती की नुसतीच ठेवली होती. हे जमलं तर मुंबईला जा. नाही जमलं तर तिथं पन्नास हजार वस्तूंपुढून चालत जाशील अन् पाय दुखले एवढंच आठवेल. अन् हो, अजब बंगलाही सोमवारी बंद असते."

ताईला हे पटलं, पण तिनं पुरवणी जोडली. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात दोन तासांच्या वर थांबू नये आणि दोन तासांत तीनच दालनं घ्यावीत. सव्वादहाला दार उघडतं तेव्हाच आत जावं, शाळांच्या बसेस नंतर येतात. पाठीवरची मोठी बॅग आत नेऊ देत नाहीत, तेव्हा सामान मुक्कामावर टाकूनच निघावं. आत शिरण्याआधी बागेतून घुमट पाहावा. वास्तुविशारद जॉर्ज विटेटनं तो विजापूरच्या गोल घुमटावरून घेतला. पायाभरणी 1905 ची, पण लोकांसाठी दार उघडलं 1922 मध्ये. इमारत आधीच बांधून झाली होती, मधली वर्षं पहिल्या महायुद्धाच्या जखमी सैनिकांच्या इस्पितळात गेली.

"अन् तीन दालनं कोणती?"

इथं ताई आणि मास्तर दोघं एकदम बोलायला लागले. ताईचा आग्रह मीरपूरखासच्या भाजक्या मातीच्या मूर्तींचा. सिंधमधल्या स्तूपावरच्या, पाचव्या-सहाव्या शतकाच्या आसपासच्या. त्यात हातात कमळं घेतलेला एक दाता उभा आहे. त्याच्याजवळ जाऊन पाहिलं तर मातीवर जुन्या रंगाचे अंश अजून दिसतात. देवळातल्या मूर्ती आपण काळ्या-करड्या दगडातच पाहत आलो, त्यामुळे जुन्या मूर्ती रंगवलेल्या असायच्या ही गोष्ट डोक्यातच येत नाही.

मास्तरांचा आग्रह लघुचित्रांचा. "आत गेल्या गेल्या म्हणू नको की लाइट कमी आहे. कागदावरचे रंग उजेडानं उडतात, म्हणून तिथं मुद्दाम मंद दिवे लावतात. दोन मिनिटं नुसता उभा राहा, डोळे सरावतात. मग एकाच चित्राजवळ जा, काचेपासून वीतभर अंतरावर. दाढीचा एकेक केस पाहा. खारीच्या शेपटीच्या केसांचा ब्रश. अन् रंग असा सपाट काऊन दिसते? कागद पालथा घालून मागून अकीकाच्या दगडानं घोटतात, म्हणून रंग कागदात बसते, वर उभा राहत नाही. हे पुस्तकातल्या छपाईत दिसत नाही. एवढ्यासाठीच जायचं तिथं."

तिसऱ्या दालनावर एकमत झालं नाही. ते तसंच राहिलं.

रस्त्यापलीकडची नॅशनल गॅलरी म्हणजे 1911 मधला कावसजी जहांगीर हॉल. 1996 पासून तो गॅलरी झाला. अर्धवर्तुळाकार जिन्यानं एकेक मजला चढत घुमटाखाली पोचायचं. इथं कायमचं असं थोडं, बदलत्या प्रदर्शनांचं जास्त. मधल्या काळात भिंती रिकाम्या असतात, म्हणून निघण्याआधी काय चालू आहे ते पाहून घ्यावं.

"आता तुह्या जत्रेचं सांगतो," मास्तर बँकवाल्याकडे वळले. "ज्या घोड्यावरून त्या जागेचं नाव पडलं, तो घोडा तिथं नाहीच. सातव्या एडवर्डचा, तो युवराज होता तेव्हाचा पुतळा होता तो. डेव्हिड ससूनच्या पोरानं 1879 मध्ये दिला, 1965 मध्ये हलवला. आता भायखळ्याच्या राणीच्या बागेत उभा आहे. काळ्या घोड्यापाशी आता जो दिसते तो 2017 चा, स्वार नसलेला."

"अन् हत्तीही तिथंच," ताई म्हणाली. घारापुरीच्या बेटावर उतरल्यावर दगडी हत्ती असायचा, त्यावरूनच पोर्तुगिजांनी बेटाला एलिफंटा म्हटलं. 1864 मध्ये तो विलायतेला न्यायचा घाट घातला, उचलताना पडून तुकडे झाले. तुकडे भायखळ्याला आले, 1914 मध्ये पुन्हा जोडले. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात तो उभा आहे. जवळ जाऊन पाहिलं तर सांधे दिसतात. सीएसएमटीहून धीमी लोकल पकडायची, मस्जिद, सँडहर्स्ट रोड, मग भायखळा. पूर्वेला उतरून दहा मिनिटं चालायचं.

आणि मेलेल्या सामानाचं उत्तरही इथंच आहे, असं ताईचं म्हणणं. 1872 मध्ये उघडलेलं हे मुंबईतलं सर्वांत जुनं संग्रहालय. यातल्या वस्तू राजेरजवाड्यांच्या नाहीत. मातीच्या छोट्या बाहुल्यांमध्ये जातीजमातींच्या पगड्या, लोकांचे धंदे, खेळ, औत-अवजारं करून ठेवलेली आहेत. पारशी जिथं मृतदेह ठेवतात त्या दोखम्याची प्रतिकृतीसुद्धा आहे, जी प्रत्यक्षात परक्याला कधीच आतून दिसत नाही. पगड्यांपुढे उभं राहून कोणाची कशी बांधली आहे ते पाहत गेलं तर अर्धा तास कमी पडतो. गिरण्या येत होत्या तेव्हाच्या मुंबईत कोण कोण राहत होतं, त्याची ही शिरगणतीच. मधे डागडुजीसाठी ते बराच काळ बंद होतं, त्यामुळे निघताना दार उघडं आहे ना एवढं विचारून घ्यावं.

बँकवाला थोडा नरमला, पण हटला नाही. "पण विकत घ्यायचं असलं तर जत्राच ना? म्युझियमात कोण विकते?"

आता फ्रेमवाला भाऊ बोलला. इतका वेळ तो पोह्यांत लिंबू पिळत होता.

"घ्या ना. पण काय घेऊन राहिले ते पाहून घ्या. स्टॉलवर 'प्रिंट' म्हणून दोन वेगळ्या गोष्टी मिळतात. एक मशीनची छपाई. दहापट भिंग लावलं तर रंगाचे ठिपके दिसतात. पोस्टरच ते, पोस्टरच्या भावानं घ्यावं. दुसरी हातानं काढलेली, म्हणजे पत्र्यावर कोरून छापलेलं एचिंग नाहीतर जाळीतून छापलेला सेरिग्राफ. खाली पेन्सिलीनं सही अन् आकडा असते, 7/25 असा. म्हणजे पंचविसातली सातवी. एचिंग असेल तर चित्राभोवती पत्र्याच्या दाबाची चौकट कागदावर बोटाला लागते. सही छापलेली असेल अन् आकडा नसेल, तर विकणाऱ्याच्या गोष्टी ऐकू नका."

"वारली?"

"कापडावर गेरूचा नाहीतर शेणाचा हात दिलेला असते. वरचं पांढरं मुळात तांदळाच्या पिठाचं, पण आता बहुतेक ॲक्रिलिकच असते, त्यात फसवणूक नाही. फक्त पाहा की रेघ हातची आहे का. गोल नाचणारी माणसं सगळी एका मापाची दिसली तर स्टेन्सिल आहे."

मग तो खऱ्या त्रासावर आला. चित्र घेऊन नागपूरला यायचं, ते कसं? बहुतेक जण कॅनव्हास रंग आत ठेवून गुंडाळतात, जपायला म्हणून. तेच चुकतं. आत गुंडाळला की रंगाचा थर चेपतो आणि उलगडताना पापुद्रे सुटतात. रंगाची बाजू बाहेर ठेवून गुंडाळायचं, म्हणजे बारीक तडा गेलीच तर सपाट केल्यावर ती मिटते. नळकांडं किमान चार इंच रुंद, सहा असेल तर बरं. रंगावर बटर पेपर टाकायचा, वर्तमानपत्र नाही, कारण शाई उतरते. प्लास्टिक थेट लावलं तर ॲक्रिलिक उन्हाळ्यात मऊ होऊन त्याला चिकटतं आणि बबल रॅपचे गोळे चित्रावर उमटतात. तैलरंगाचं ताजं चित्र तर गुंडाळूच नये, वरून सुकलेलं दिसतं पण आतून महिनोन्‌महिने ओलं असतं. आणि नळकांडं बर्थखाली नको. तिथं चपला, पाण्याच्या बाटल्या, रात्रभर ढकलाढकली. वरच्या बर्थवर उशाशी ठेवावं.

"अन् आल्याबरोबर माह्याकडे आणू नका. मुंबईचा दमट कागद इथल्या हवेत आखडते. आठवडाभर घरात सपाट पडू द्या, मग फ्रेम करू. काचेला कागद टेकला नाही पाहिजे, मधात माउंट, म्हणजे जाड पुठ्ठ्याची चौकट, हवाच. पावसाळ्यात काचेला कागद चिकटला की निघत नाही."

आर्ट फेअरचाही विषय निघाला. नोव्हेंबरात महालक्ष्मी रेसकोर्सवर 2023 पासून आर्ट मुंबई भरतो, तिकीट लागतं. तिथं बूथवर भाव लिहिलेला नसतो, विचारावा लागतो, आणि विचारल्यानं काही बिघडत नाही. चित्राशेजारी लाल टिकली म्हणजे विकलं गेलं. घ्यायचं नसलं तरी एका गोष्टीसाठी जावं, असं मास्तरांचं म्हणणं. खासगी घरांतली रझा आणि हुसेन यांची चित्रं तिथं चार दिवस उघड्यावर येतात. रझा 1939 ते 1943 नागपूरच्या स्कूल ऑफ आर्टमध्ये होते. 1947 मध्ये मुंबईत सहा कलावंतांचा प्रोग्रेसिव्ह ग्रुप निघाला, रझा त्यातलेच. त्या सहातला आणखी एक, गाडे, अमरावती जिल्ह्यातल्या तळेगावचे.

"म्हणजे सहातले दोन आपल्याकडचे!" बँकवाला एकदम खूश.

"हाव. अन् त्याहीनं रविवार-सोमवार पाहून गाडी नव्हती धरली."

बँकवाल्यानं पुन्हा मोबाइल काढला. सोमवार रात्र, दुरांतो, थर्ड एसी. वेटिंग अकरा. रेल्वेवाले काका म्हणाले, अकरा होऊन जाईल, काढून टाक. फ्रेमवाल्यानं विचारलं, हॉलची भिंत किती फुटांची आहे, दरवाजा सोडून. ते बँकवाल्याला सांगता येईना. त्यानं घरी फोन लावला, अन् टेप कुठं ठेवला आहे यावर तिकडे वेगळा वाद सुरू झाला.