बावीस वस्तूंचा किट आणि माझं फिरलेलं डोकं

ज्याने कोणी 'बिगिनर किट' ही भानगड काढली ना, त्याला एक संध्याकाळ माझ्या टेबलाशी बसवा, हाच किट त्याच्या हातात द्या आणि म्हणावं, बांध बाबा एक फ्लाय, म्हणजे मासे फसवायला गळावर दोरा-पिसं बांधून केलेली खोटी माशी. जास्त नाही, एकच.

2,400 रुपये मोजलेत मी. डबा बघाल तर दागिन्यांचा वाटेल, आत फोमचे कप्पे, बावीस वस्तू. आता वाइसचं काम काय, गळ घट्ट धरून ठेवणं, बास, दुसरं कामच नाही त्याला. मी गळ लावला, स्क्रू आवळला, दोऱ्याचे चार वेढे दिले आणि पाचव्याला जरा ताण दिला तर गळाने मान खाली घातली. पुन्हा आवळला, पुन्हा तेच. मग चिडून इतका आवळला की वाइसचे जबडेच फाकले, पोलाद कसलं, नुसती वरून चकाकी मारलीय. आता मध्ये सायकलच्या ट्यूबचा तुकडा घातलाय तर जेमतेम धरतो.

आणि तो बॉबिन होल्डर! रिळाचा दोरा ज्या बारीक नळीतून बाहेर येतो त्या नळीचं तोंड इतकं खरखरीत की दोरा तिथे घासत घासत नेमका कधी तुटतो, तर शेवटची गाठ राहिलेली असते तेव्हा, आणि तुटला की शेपूट, पिसं, तार, सगळी मेहनत टेबलावर लोळते. दुसरा शोधायला बाजारात गेलो तर दुकानदार म्हणतो "बॉबिन ना भिया, है ना" आणि शिलाई मशीनची बॉबिन केस काढून ठेवतो. मी हातवारे करून समजावलं, तर त्याने दुसऱ्या कंपनीची काढली. त्याचा तरी काय दोष म्हणा.

नंबरांचं तर बोलूच नका. दोऱ्यात 8/0 म्हणजे 6/0 पेक्षा बारीक, आणि गळात 2/0 म्हणजे 1/0 पेक्षा मोठा, पण साधा 14 नंबर मात्र 8 पेक्षा लहान!! कोण बसलं होतं हे ठरवायला? काही रिळांवर डेनियर लिहितात, 70 बारीक, 140 जाड, ते निदान सरळ आहे, साडीच्या दुकानातल्या पोरालाही कळेल.

आणि किटात गळ कुठले निघाले? 14 आणि 16, नाजूक तारेचे, म्हणजे थंड पाण्यातल्या ट्राउटसाठी पाण्यावर तरंगणाऱ्या चिमुकल्या माश्या बांधायला. मी राहतो इंदूरला. मला जायचंय बडवाहकडे नर्मदेवर, महाशीरच्या नादाने, महाशीर म्हणजे आपल्या मध्य प्रदेशचा राज्य मासा आहे, काय ताकद असते त्याच्या तोंडात, हा 14 नंबर तो सरळ करून परत पाठवेल. मला हवेत 4-6 नंबरचे दणकट गळ. पण विकणाऱ्याने विचारलं का एकदा तरी, की बाबा कुठला मासा, कुठली फ्लाय? वूली बगर नावाची साधी केसाळ फ्लाय बांधायला गळ, दोरा, शिशाची तार, मॅराबू म्हणजे मऊ भुरभुरीत पिसं, शेनील म्हणजे लवदार दोरा आणि कोंबड्याचं एक लांब पीस, संपलं. तेवढंच चांगलं दिलं असतं तर मी हेच पैसे हसत दिले असते. पण नाही, वस्तू बावीस भरल्या पाहिजेत, म्हणून हरणाचे केस सारखे करायची नळी आहे आणि हरणाचे केसच नाहीत, आणि मॅराबूची चार पाकिटं आहेत, चारही गुलाबी. भडक गुलाबी. लग्नाच्या मंडपासारखं.

वर सल्ले देणारे आहेतच, "अरे लोकल वापर ना". गेलो की. चिकनवाल्याकडची पिसं म्हणजे ब्रॉयलरची, पांढरी, मऊ, दीड महिन्याच्या पाखराला कुठून येणार ताठ हॅकल, म्हणजे ते मानेचं लांब पीस, त्याला पोसलेला जुना कोंबडा लागतो. मग झाबुआच्या एका मित्राने कडकनाथच्या मानेची पिसं आणली, कातड्यासकट, काळी, वर हिरवट झाक, काय सांगू, किटातल्या सगळ्या पाकिटांवर भारी. त्यातली कीड मरावी म्हणून पेपरात गुंडाळून फ्रीझरमध्ये ठेवली. आणि आईने नेमका तेव्हाच बर्फ काढायला फ्रीझर उघडला. आमच्याकडे अंडंसुद्धा बाल्कनीत उकडतात. "देवाचं दूध याच फ्रीजमध्ये आहे रे!" एवढंच बोलली, पण चार दिवस पोह्यांवर शेव नव्हती.

एक मात्र आहे, राजवाड्याकडे 20 रुपयांची जरीची तार घेतली ती किटातल्या टिनसेलपेक्षा, म्हणजे चकाकत्या पट्टीपेक्षा, सरस निघाली, घरातल्या जुन्या मोरपिसाचे धागे फ्लायच्या अंगाला गुंडाळले, तिच्या डोक्यावर गाठ पक्की करायच्या हेड सिमेंटऐवजी बायकोचं बिनरंगी नेलपॉलिश, आणि शेवटची गाठ संपलेल्या रिफिलच्या नळीने. म्हणजे बावीसपैकी कामाला आली फक्त कात्री. तीसुद्धा डाव्या बाजूला ओढते.

पहिली धड फ्लाय कधी झाली, तर 16 जूनला रात्री. मासेमारीची बंदी सुरू झाली त्याच दिवशी, आता 15 ऑगस्टपर्यंत बसा बघत.

गुलाबी मॅराबू कोणाला हवंय का? फुकट देतो. राजेंद्रनगरला येऊन न्या, पण दार आईने उघडलं तर पिसांचं नाव काढू नका.