नुरा कुस्ती, पण पैलवानालाच पत्ता नाही

बॉक्सिंगचा कृष्णधवल सिनेमा म्हटलं की पहिलं नाव निघतं 'रेजिंग बुल'चं, आणि ते निघायलाच हवं. पण त्याच्या ३१ वर्षं आधी, १९४९ साली, आरकेओ स्टुडिओने ७२ मिनिटांचा एक छोटा सिनेमा काढला होता, 'द सेट-अप'. दिग्दर्शक रॉबर्ट वाइज, छायाचित्रण मिल्टन क्रॅस्नर. रिंगमधला थकलेला माणूस इतक्या प्रामाणिकपणे दुसऱ्या कुठल्याही सिनेमाने दाखवलेला नाही, असं माझं ठाम मत आहे. (पुढे शेवटही येणार आहे. ज्यांना नको असेल त्यांनी आधी सिनेमा बघून घ्या.)

गोष्ट एवढीशी. स्टोकर थॉम्पसन, वय ३५, म्हणजे बॉक्सरच्या हिशेबात म्हातारा. आज रात्री त्याच्यासमोर २३ वर्षांचा टायगर नेल्सन आहे. स्टोकरच्या मॅनेजरने एका गुंडाकडून पैसे घेतलेत, स्टोकर हरणार म्हणून. आपल्याकडे याला नुरा कुस्ती म्हणतात. पण नुरा कुस्तीत निदान दोन्ही पैलवानांना ठरलेलं माहीत असतं. इथे मॅनेजर आपल्या माणसाला काही सांगतच नाही. हा तसाही हरणारच आहे, मग सांगून त्याला वाटा कशाला द्यायचा! माणसाचा याहून मोठा अपमान कुठला? सगळा सिनेमा या एका अपमानावर उभा आहे.

सिनेमा सुरू होतो तेव्हा रस्त्यावरच्या घड्याळात नऊ वाजून पाच मिनिटं झालेली असतात. तिथून पुढे पडद्यावरची वेळ आणि आपल्या मनगटावरची वेळ बरोबरीने चालते. 'हाय नून' या सिनेमातही घड्याळ असंच चालतं आणि त्याचं कौतुक सगळे करतात, पण तो नंतरचा, १९५२चा.

घड्याळाबरोबर असं चालणं ऐकायला गंमत वाटते, करायला महाकठीण. नेहमीचा बॉक्सिंगपट कशावर चालतो? नायक दोरीउड्या मारतोय, कॅलेंडरची पानं उडतायत, वर्तमानपत्रांचे मथळे गरगरत येतायत, दोन मिनिटांत दहा लढती जिंकून झाल्या. घड्याळ खरं ठेवलं की ही सगळी हत्यारं हातातून जातात. एक फेरी तीन मिनिटांची, मध्ये एक मिनिट विश्रांती. चार फेऱ्या म्हणजे १२ मिनिटं लढाई आणि ३ मिनिटं स्टुलावर बसणं. 'तिसरी फेरी' अशी पाटी दाखवून पुढे उडी मारता येत नाही. मग ते स्टुलावरचं एक मिनिट भरायचं कशाने?

वाइज ते नजरांनी भरतो. मॅनेजर गुंडाकडे बघतो, गुंड रिंगकडे बघतो, आणि स्टोकर बघतो प्रेक्षकांतल्या एका रिकाम्या खुर्चीकडे. बायकोसाठी तिकीट ठेवलेलं असतं, ती आलेली नसते. लढतीच्या आधी कपडे बदलायच्या खोलीतून त्याला समोरच्या हॉटेलातली आपली खिडकी दिसते. तिथला दिवा मालवतो आणि त्याला वाटतं, निघाली ती. एक खिडकी आणि एक खुर्ची, त्यांच्या संसाराबद्दल आणखी काही सांगायची गरज उरत नाही. वाइज मुळात संपादक, 'सिटिझन केन' हा गाजलेला सिनेमा त्यानेच संपादित केलेला. कुठे थांबायचं हे त्याच्या हाताला माहीत होतं.

आता प्रत्यक्ष मारामारी. सिनेमातला ठोसा चेहऱ्याला लागत नाही, वीतभर लांबून जातो. कॅमेरा एकाच्या खांद्यामागे, मूठ आणि चेहरा एका रेषेत येतील असा लावला, तर मधली फट दिसत नाही. थोडा बाजूला सरकला की फट उघडी पडते. ठोसा खाणाऱ्याने मान नेमक्या क्षणी झटकायची. आधी झटकली तर नाच वाटतो, उशिरा झटकली तर ठोसा हुकल्यासारखा वाटतो. पोटावरचे, बरगड्यांवरचे ठोसे मात्र बेताने खरेच मारता येतात, म्हणून चांगल्या बॉक्सिंगपटात ते भरपूर असतात.

सगळ्यात मोठी चूक होते ती वेगळीच. वाईट बॉक्सिंगपटात प्रत्येक ठोसा बसतो. खऱ्या लढतीत कितीतरी हवेत जातात, कितीतरी ग्लोव्हजवर आणि कोपरांवर अडतात, आणि दमलेला माणूस समोरच्याला मिठी मारून दोन श्वास चोरतो. मिठी काढून टाकली की दमही नाहीसा होतो, उरतात फक्त दोन यंत्रं. 'द सेट-अप'मध्ये हात जड होत जाताना दिसतात. पहिल्या फेरीतली स्टोकरची हनुवटी आणि चौथीतली हनुवटी ताडून बघा, चेहऱ्यापुढे धरलेल्या हातांचा पहारा किती ढिला पडलाय ते कळेल.

हे जमलं, कारण स्टोकर झालेला रॉबर्ट रायन कॉलेजात, डार्टमथला, हेवीवेट बॉक्सिंगचा विजेता होता. टायगर नेल्सन झालेल्या हॅल बेलरलाही रिंगची सवय होती. ठोशांची आखणी जॉन इंड्रिसानोची, तो स्वतः जुना व्यावसायिक बॉक्सर. पटकथाकार आर्ट कोन क्रीडापत्रकार. नटाला पाय टाकायला शिकवावं लागलं नाही की दिग्दर्शकाला तुकडे करून लपवाछपवी करावी लागली नाही. लढत एकाहून जास्त कॅमेऱ्यांनी एकाच वेळी टिपली, त्याचाही मोठा फायदा. दोन माणसं तीच हाणामारी तशीच्या तशी दुसऱ्यांदा करू शकत नाहीत. घाम वेगळा, पाय वेगळे, श्वास वेगळा. एकाच क्षणाचे दोन कोन हाताशी असले की जोड दिसत नाही.

कृष्णधवलचं काम इथे शोभेचं नाही. रिंगवरचे दिवे थेट डोक्यावरून पडतात, खांद्यांवरचा घाम चकाकतो, डोळ्यांच्या खोबणी काळ्या होतात. बाकी सभागृह अंधारात आणि धुरात, त्यातून एकेक चेहरा उगवतो. सतत खाणारा जाडा माणूस. कानाशी रेडिओ धरून बेसबॉलचा सामना ऐकणारा. आणि एक आंधळा, ज्याला शेजारचा लढत सांगतोय आणि जो सगळ्यांत जास्त रक्त मागतोय. वाइज पुन्हा पुन्हा त्यांच्याकडे येतो. काहींना ही माणसं ठळक, ओरडून सांगितल्यासारखी वाटतात. मला नाही वाटत. पैसे मोजून मार बघायला आलेली गर्दी अशीच ठळक असते.

पार्श्वसंगीत नाही. जे वाजतं ते त्या गल्लीतच वाजतं, नाचघरातला बँड वगैरे. त्यामुळे ठोशाचा आवाज, घंटा आणि गर्दी हेच संगीत. 'रेजिंग बुल'ने उलटी वाट धरली. कॅमेरा दोरांच्या आत, दर लढतीला रिंगचं माप वेगळं, चालू शॉटमध्ये फिल्मचा वेग बदललेला, सुरुवातीला मास्कान्यी या इटालियन संगीतकाराचं संगीत. तिथे आपण एका माणसाच्या डोक्यात असतो. इथे आपण खुर्चीवर असतो, त्याच गर्दीत, आणि ते जास्त टोचतं.

एक गोष्ट मात्र खुपते आणि ती सांगायलाच हवी. सिनेमा जोसेफ मॉन्क्युअर मार्च या कवीच्या १९२८च्या दीर्घ कवितेवर बेतलेला आहे. कवितेतला बॉक्सर काळा होता. स्टुडिओने त्याला गोरा केला. जेम्स एडवर्ड्स या काळ्या नटाला दुसऱ्या बॉक्सरची छोटी भूमिका मिळाली आणि त्यात तो इतका नेटका आहे की काय गमावलं ते लगेच कळतं. रायनच्या कामाबद्दल तक्रार नाही, पण ही काटछाट चुकीचीच होती.

मॅनेजर खरं सांगतो ते शेवटच्या, चौथ्या फेरीच्या तोंडावर, कारण म्हातारा पडायलाच तयार नसतो. त्यानंतरचा रायनचा चेहरा बघा. आरडाओरडा नाही. एक डोळा सुजलेला, तोंड उघडं, आणि आपल्याच कोपऱ्यातल्या माणसाकडे तो पहिल्यांदाच नीट बघतो. मग घंटा होते, तो उठतो आणि जिंकतो. जिंकल्याची किंमत मागच्या गल्लीत वसूल होते. त्याचा हात ठेचतात तेव्हा भिंतीवर नाचघरातल्या बँडच्या सावल्या हलत असतात.

बायको धावत येते, त्याला रस्त्यावरच मांडीवर घेते. कॅमेरा मागे सरकत जातो आणि पुन्हा तेच घड्याळ दिसतं, सव्वादहा उलटून गेलेले.